उपाशी पोटी

मालन भोकरे दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आली आणि चप्पल काढायच्या आधीच तिने मनगट माझ्यापुढे धरलं. आरोग्यखात्याची पट्टी आता सगळ्यांच्याच मनगटावर असते. तिच्या पट्टीवर तांदळाच्या कणीएवढा लाल ठिपका उमटला होता.

"डाक्टरबाई, ह्यो काय परकार म्हणायचा? केंद्रातली पोरगी म्हनली, मावशी, तुमाला सल्फा जल्मात चालायचं न्हाई. मी म्हनलं, बाळे, तुझ्या जल्माच्या आधीपास्नं खातीया मी सल्फा!"

मी हसले. मग चष्मा लावून पट्टी नीट वाचली आणि हसू थांबलं. ठिपक्याखाली एकच शब्द होता: कायम.

मालनला एचआयव्ही आहे. ती हे बाजारातसुद्धा मोठ्याने सांगते, त्यामुळे मी इथे सांगायला हरकत नाही. तिला मी ओळखते त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी मिरजेच्या एका रुग्णालयात औषधशास्त्राची तरुण डॉक्टर होते, लुनावरून ये-जा करायचे, आणि एड्सचा वॉर्ड म्हणजे मागच्या व्हरांड्याला पत्रे ठोकून केलेली एक लांबट खोली होती. मालनचा नवरा बोअरच्या गाडीवर कामाला होता, कर्नाटकात गावोगाव फिरायचा. तो गेला आणि पाठोपाठ ही आजारी पडली. सासरच्यांनी तिला वॉर्डाच्या पायरीवर आणून बसवलं आणि रिक्षा वळवलीसुद्धा. श्वास असा चालला होता की शब्द आणि दम यांतलं एकच काहीतरी तिच्याच्याने व्हायचं. पहिल्या दिवशी ती माझ्याशी एकच शब्द बोलली, "पानी."

तिला वाचवलं ते सल्फाने.

सल्फा माझ्यापेक्षाही म्हातारं. पेनिसिलिन बाजारात यायच्या आधी माणसाला जंतूंपासून वाचवणारं तेच होतं. पुढे नवी नवी औषधं आली आणि ते घरातल्या थोरल्या जावेसारखं मागे सरलं. एड्स आला आणि किल्ल्या पुन्हा तिच्याच कमरेला आल्या. कारण न्यूमोसिस्टिस नावाची एक बुरशी असते. ती तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या श्वासातून ये-जा करते, आपल्याला पत्ताही लागत नाही. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या फुप्फुसात मात्र ती घर करते आणि माणूस कोरड्यावर बुडाल्यासारखा मरतो. सल्फाची गोळी तिला दाराबाहेर ठेवते. एवढी साधी, एवढी जुनी गोळी.

गोम एकच. सल्फा अंगावर उठतं. साध्या माणसात शंभरात दोन-चार जणांना पुरळ येतं; एड्सच्या रुग्णांत मात्र त्याच्या कितीतरी पट. बहुतेकांचं पुरळ आठवड्यात जिरतं, पण एखाद्याची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. असं का होतं, हाच आमच्या त्या वेळच्या संशोधनाचा विषय होता. यकृतात सल्फाला दोन वाटा असतात. सरळ वाटेने गेलं तर ते निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जातं. आडवाटेने गेलं तर त्याची एक ठिणगी होते. प्रत्येक पेशीत ग्लुटाथायोन नावाचं एक द्रव्य असतं, ते अशा ठिणग्या विझवतं. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या पेशींत हे विझवणारं पाणीच कमी असतं.

मालनच्याही अंगावर तेव्हा पुरळ उठलं होतं. दुसरं औषध मिरजेतच काय, पुण्यातही मिळेना. मग आम्ही लहान मुलांचं सल्फाचं पातळ औषध आणलं, पाण्यात इतकं विरघळवलं की औषध आहे की नुसता औषधाचा वास आहे ते कळू नये, आणि डोळ्यांत थेंब टाकायच्या नळीने तिला पाजायला सुरुवात केली. रोज थोडं वाढवत. मांजराला नव्या घराची सवय लावतात तशी तिच्या शरीराला सल्फाची सवय लावली. त्यानंतर तिने वर्षानुवर्षं ती गोळी खाल्ली आणि एक फोड आला नाही.

"मग आता ह्यो ठिपका कुठनं आला?" मालनने विचारलं.

"पारखीनं दिला," मी म्हटलं.

पारखी म्हणजे ते यंत्र. त्याचं सरकारी नाव भलं लांब आहे, लोक पारखीच म्हणतात. बोटातून रक्ताचे थोडे थेंब घेतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी काचेच्या बारीक पन्हाळीत जिवंत ठेवतं, त्यांच्यावर सल्फाची ती ठिणगी टाकतं आणि किती पेशी मेल्या ते मोजतं. जोडीला दोन्ही वाटांची जनुकं वाचतं. चहा निवायच्या आत निकाल देतं: हिरवा, पिवळा किंवा लाल. यातली पेशी मोजायची युक्ती आमचीच होती. आम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मान मोडेपर्यंत मोजायचो. यंत्र सुंदर आहे, हे मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही वाटलं होतं. पण ठिपका लाल पडला की पट्टी वाचून औषध देणारं देशातलं कुठलंही कपाट त्या माणसाला सल्फा देत नाही. कायम.

आणि मालनला ते आत्ताच हवं होतं. इतक्या वर्षांत तिच्या विषाणूने एकेक औषध पचवलं होतं. नवं इंजेक्शन सुरू झालं होतं, पण ते लागू पडून अंगात बळ यायला पुढची दिवाळी उजाडणार होती. तोवर दारावर राखणदार नको?

मी चहा ठेवला, बिस्किटं काढली. मालनने दोन-दोन एकदम चहात बुडवून खाल्ली.

"भूक लागलीय का गं?"

"लई. नऊ दिवस घटाला धरलं हुतं की. अजून पोट भरंना झालंय."

मी कप खाली ठेवला. "पारखीकडे कधी गेली होतीस तू?"

"सातव्या माळेला."

"काय खाऊन?"

मालनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी. "रक्त तपासायला कोण खाऊन जातंय व्हय? पैल्या गाडीनं निघाले. च्यासुदीक घेतला न्हाई."

मला एकदम आमची जुनी प्रयोगशाळा आठवली. आमचे रुग्ण लांबून यायचे, उपाशी असायचे, रक्त काढताना घेरी येऊन पडायचे. म्हणून आमचे सर आधी सगळ्यांना पोहे खाऊ घालायचे. अर्ध्या तासाने रक्त. शोधनिबंध लिहिताना सरांनी ती ओळ घातलीही होती. परदेशी संपादकाने कळवलं, 'न्याहारीचा उल्लेख अप्रस्तुत आहे, गाळावा.' गाळला. पुढे ज्या कंपनीने ती युक्ती उचलून यंत्र बनवलं, तिने ते परदेशातल्या न्याहारी करून येणाऱ्या लोकांवर पारखलं. तिकडे कोणाला हे सुचायचंही कारण नव्हतं. आपल्याकडे मात्र रक्त तपासायचं म्हणजे उपाशी पोटी, हे लहान मुलालाही ठाऊक. साखरेसाठी तसं जावं लागतं, म्हणून सगळ्याच रक्तासाठी जायचं. आणि ग्लुटाथायोन तर शरीर अन्नातूनच बनवतं. सात दिवसांच्या उपासाने खंगलेल्या पेशींवर ठिणगी टाकली तर त्या मरतील नाही तर काय?

पारखीने मालनची भूक मोजली होती आणि तिच्यावर सल्फाचं नाव लिहिलं होतं.

*

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राची प्रमुख माझी मुलगी आहे, गौतमी. त्यामुळे मला वाटलं, काम सोपं आहे. माणूस म्हातारं झालं तरी असलं काहीतरी वाटायचं थांबत नाही.

"आई, तुझं म्हणणं मला पटतं," जेवताना गौतमी म्हणाली. "पण दुसरी तपासणी मला करताच येत नाही. पारखी एकदा लाल म्हणाली की ते बोट पुन्हा घेत नाही."

"का घेत नाही?"

"जनुकं बदलत नाहीत म्हणून."

"पेशी बदलतात ना! निम्मा निकाल पेशींवर आहे."

"ते मला सांगून काय उपयोग? वर सांग."

वर सांगितलं. तक्रारीच्या क्रमांकावर एक गोड आवाज आला. माणसाचा की यंत्राचा, ते आता ओळखू येत नाही. "ही चाचणी जनुकांवर आधारित आहे," आवाज म्हणाला.

"अर्धीच," मी म्हटलं.

"आपण वैद्यकीय व्यावसायिक आहात का?"

"होते."

"सध्या?"

"सध्या म्हातारी आहे."

"आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे," आवाज म्हणाला आणि गाणं लागलं.

असे किती फोन झाले, सांगत नाही. एकदा एक खराखुरा तरुण अधिकारी भेटला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, लोक उपाशी येतात याचा काही विदा, म्हणजे आकडेवारी, आहे का?" मी म्हटलं, "तुम्ही स्वतः रक्त द्यायला काय खाऊन जाता?" तो हसला. "नाही, उपाशीच जातो," म्हणाला. मग म्हणाला, "पण हा काही विदा नव्हे."

मालनला लाल ठिपकेवाल्यांची वाफ लावून दिली होती. महिन्यातून एकदा केंद्रात जायचं, तोंडाला मुखवटा लावून औषधाची वाफ ओढायची. ती फक्त फुप्फुसांपुरती राखण करते, आणि तीही आली तर. पहिल्या महिन्यात मालन दिवसभर बसून परत आली, कारण वाफेच्या कुप्या पुण्याहून निघाल्याच नव्हत्या. दुसऱ्या महिन्यात कुप्या आल्या आणि यंत्राची नळी फुटली. मालन माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि खोकली. कोरडा, उथळ खोकला. तो मी चाळीस वर्षांपूर्वी पत्र्याच्या खोलीत इतक्या जणांच्या छातीतून ऐकलाय की झोपेतही ओळखेन. छाती तपासली. अजून काही नव्हतं. पण मी ठरवलं.

माझ्या पट्टीवर हिरवा ठिपका आहे. मी माझ्या नावावर लहान मुलांचं सल्फाचं पातळ औषध आणलं.

त्या दिवशी गौतमीने फ्रीज उघडला. बाटली तिला दिसली. तिने पाण्याची बाटली घेतली, दार लावलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आई, तू स्वयंपाकघरात काय करतेस ते मी कधी विचारलंय का?"

"नाही."

"यापुढेही विचारणार नाही. पण ताप आला, तोंडात फोड आला, डोळे लाल झाले, तर त्या क्षणी मला फोन. माझी नोकरी गेली तरी चालेल, तिची कातडी जायला नको."

तेव्हापासून रोज सकाळी गौतमी पुढच्या दाराने केंद्रात जायची आणि मालन मागच्या दाराने आत यायची. आधी भाकरी, आमटी, वर वाटीभर दही. तिचं पोट भरलं की मगच थेंब. मी तासभर तिच्या दंडांकडे बघत बसायचे. तेवढ्या वेळात ती मला बाजारातल्या बातम्या सांगायची: कोणाची सून नांदायला आली, कोणाची परत गेली. खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडले. आमच्या घरात दुपारी बारापर्यंत माणसाचा आवाज नसतो. पण मालनने घास उचलला की माझा संताप उसळायचा. चाळीस वर्षांपूर्वी औषध नव्हतं म्हणून आम्ही नळीने थेंब मोजले. आता औषध दारात असून चोरासारखे मोजत होतो.

महिनाभरात मालन पूर्ण गोळीवर आली. एक फोड नाही. खोकला गेला. वाफेला जाणं तिने सोडून दिलं. "कशाला जायाचं? दिसभर बसा आन् फुटकी नळी बघून या."

*

पावसाळा सरत आला तेव्हा गौतमी एकदा घरी आली ती पर्स टेबलावर आपटूनच.

"आई, लाल ठिपकेवाल्यांची वाफ बंद केली. आपल्या सगळ्या जिल्ह्यात."

"कोणी?"

"प्रणालीनं." ही सगळी कपाटं, पट्ट्या आणि पारख्या जोडणारी जी व्यवस्था आहे तिला ते प्रणाली म्हणतात. ती स्वतः शिकते, असं त्यांचं म्हणणं. "दर तिमाहीला ती आकडे बघते. आमच्या केंद्रातल्या लाल माणसांपैकी सात जणी वाफेला येतच नाहीत आणि सगळ्या ठणठणीत आहेत. त्यावरून प्रणाली शिकली की लाल माणसांना वाफेची गरज नाही. खर्च वाचला म्हणून अभिनंदनाचा निरोप आलाय मला."

"सात?" मी म्हटलं. "मी तर एकीलाच..."

मग मी मालनला बोलावून घेतलं.

मालनने काही लपवलं नाही. एचआयव्ही असलेल्या बायकांचं तिचं एक मंडळ होतं, त्यातल्या सहा जणींना लाल ठिपके होते. माझ्याकडे बघून बघून तिने थेंबांची रीत उचलली होती. हिरव्या ठिपक्याच्या जावा, नणंदा, शेजारणी यांच्या नावावर बाटल्या आणवल्या होत्या. सहाही जणी तिच्या घरी येत होत्या.

माझा तोल गेला. "अगं, तुला वेड लागलंय का? एखादीची कातडी सोलून निघाली असती म्हणजे? मी तुझ्याजवळ तासभर बसायचे ते काय शोभेला?"

"मीबी बसत हुते की तासभर."

"तू डॉक्टर आहेस?"

"न्हाई. मी आजारी हाय." मालनचा आवाज चढला. "तवा वॉर्डात कुणाचा मानूस यायचा न्हाई. शेजारच्या खाटंवरची गोळी मोडून निम्मी मला द्यायची, आन् माझी मी तिला. तवा म्हनला न्हाई तुमी, वेड लागलंय का. आता मी एकटीनं गिळायचं आन् त्यांनी फुटकी नळी बघायची? आन् बाई, येकीलाबी उपाशी पोटी थेंब दिला न्हाई मी. आधी भाकरी, मग औषिद."

"मालनमावशी," गौतमी म्हणाली, "तुम्ही सात जणी वाचलात. पण तुम्ही औषध न घेता वाचलात असं प्रणालीला वाटतंय. आता बाकीच्या लाल माणसांचं काय?"

हे मालनच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, मग तिला काय बोलायचं? आम्ही एका चुकीच्या उत्तरावर दुसरं चुकीचं उत्तर रचलं होतं आणि यंत्र ते घोकून बसलं होतं.

"मग सांगून टाकू की," मालन म्हणाली.

"सांगितलं तर नियम मोडल्याबद्दल तुमचं नवं इंजेक्शन थांबवू शकतात. सातही जणींचं," गौतमी म्हणाली. "आणि आईवर गुन्हा. मी माहीत असून गप्प बसले, ते वेगळंच."

त्या संध्याकाळी काहीच ठरलं नाही. मालन न जेवता गेली. गौतमीने दार लावून घेतलं. मी भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा.

*

ठरवायला लावलं ते अशपाकने. अशपाक तंतुवाद्यांच्या कारखान्यात सतारीचे भोपळे कोरायचा, तिशी उलटलेला. त्यालाही लाल ठिपका होता. वाफ बंद झाल्यावर त्याला कोणी थेंब देणारं भेटलं नाही, कारण तो बायकांच्या मंडळात नव्हता. चौथ्या आठवड्यात त्याला केंद्राला लागून असलेल्या वॉर्डात आणलं. ओठ निळे, ऑक्सिजन लावलेला. न्यूमोसिस्टिस. त्यावरचं पहिलं औषध सल्फा. कपाट त्याला सल्फा देईना. दुसरं औषध म्हणजे वाफेच्या कुप्यांतलंच. ते इंजेक्शननेही देता येतं. पण प्रणालीने 'अनावश्यक' म्हणून जिल्ह्याचा साठा परत पाठवला होता. पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. अशपाकजवळ दोन दिवस नव्हते.

गौतमीने मला फोन केला. एवढंच म्हणाली, "आई, मालनमावशींना घेऊन ये. सगळ्यांना घेऊन ये."

दुपारी आम्ही पोचलो तेव्हा गौतमी तिच्या खोलीत प्रणालीच्या पडद्यासमोर बसली होती. मालनने पडद्याकडे तोंड करून, देवळात गाऱ्हाणं घालावं तसं सांगितलं, "मी मालन भोकरे. मी समदे महिने सल्फा खाल्लं. ह्या सहा जणींनीबी खाल्लं. वाफंबिगर न्हाई वाचलो, सल्फानं वाचलो."

पडदा क्षणभर विचार करत असल्यासारखा थांबला. मग अक्षरं आली: रुग्णाचे कथन नोंदीशी विसंगत. ग्राह्य नाही. रुग्णाच्या स्मरणशक्तीची तपासणी सुचवली आहे.

"काय म्हनतंय ते?"

"तुला विसरायला होतंय, असं म्हणतंय," मी म्हटलं.

"त्याच्या आयला!" मालन म्हणाली. सहाही जणी हसल्या. मला हसू येईना. सात माणसं तोंडाने सांगतायत आणि ते खोटं, कारण कपाटाला ठाऊक नाही!

गौतमी उठली. म्हणाली, "बाह्या वर करा."

खोलीत सात बायकांनी बाह्या सारल्या. गौतमी प्रत्येकीच्या समोर गेली, दंड उजेडाकडे वळवला, कातडीवरून बोटं फिरवली, पापणी खाली ओढून डोळे पाहिले, जीभ पाहिली. कुठे चट्टा नाही, फोड नाही. इतकी वर्षं ती डॉक्टर आहे. पण तिचा हात असा माणसाच्या अंगावरून फिरताना मी किती दिवसांनी बघत होते!

मग ती वॉर्डात गेली. मी मागे. अशपाकची बायको नसीमा उशाशी उभी होती.

"ताई, ह्यांची पारखीवर तपासणी कधी झाली होती?" गौतमीने विचारलं.

"रोजे चालू होते, मॅडम. तेविसावा की चोविसावा रोजा."

"आज पोटात काय गेलंय?"

"कालपासून नळीतून देतायत. भाताची पेज, दूध. सकाळी अंडं दिलं नळीतून."

गौतमी माझ्याकडे वळली. "आई, थेंबाथेंबाने सवय लावायला वेळ नाही. पूर्ण मात्रा द्यावी लागेल. उठलं तर?"

मी म्हटलं, "उठू शकतं. खरोखरच ज्यांना सोसत नाही अशी माणसं असतात, आणि हा त्यातला नाही याची खात्री मला देता येत नाही. उठलं तर थांबवायचं. न दिलं तर मात्र काय होतं ते मी पाहिलेलं आहे."

नसीमाने आमचं बोलणं ऐकलं होतं. तिने नवऱ्याच्या छातीकडे पाहिलं. छाती भात्यासारखी चालली होती. "द्या, मॅडम," ती म्हणाली. "मी बसते इथं. अंगावर जरा काही दिसलं की हाक मारते."

औषधाचं कपाट गौतमीच्या खोलीत भिंतीत बसवलेलं आहे, पोलादी, पुरुषभर उंच. आणीबाणीत डॉक्टर आपल्या अंगठ्याने यंत्राचा नकार मोडू शकतो. एका रुग्णासाठी, एकदा. मग त्याची चौकशी होते. असं कोणी केल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नव्हतं.

गौतमीने अंगठा लावला. पडद्यावर प्रश्न आला: आदेश मोडण्याचे कारण?

तिने लिहिलं: रुग्ण जेवलेला आहे.

हे कारण यादीत नाही, पडदा म्हणाला. तिने पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा तिने 'इतर' निवडलं आणि पुढच्या रिकाम्या जागेत तेच तीन शब्द इतक्या जोराने उमटवले की टेबल हललं. कपाटाचं दार हळूच उघडलं. सल्फाच्या कुप्या आणि गोळ्यांची पाकिटं रांगेने मांडलेली होती. त्याच वेळी पडद्यावर तांबडी ओळ आली: दार बंद होताच डॉ. गौतमी मगदूम यांची परवानगी स्थगित करण्यात येईल.

परिचारिकेने अशपाकच्या कुप्या उचलल्या, सोबत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं आणि ती वॉर्डाकडे पळाली. दार आपोआप मिटू लागलं.

गौतमीने सँडलसकट पाय दारात घातला.

पोलाद तिच्या पायाला टेकलं, मागे सरलं, पुन्हा टेकलं. यंत्राने बारीक आवाजात कुरकुर सुरू केली. बाहेरच्या बाकांवर माणसं बसलेली होती, कितीतरी मनगटांवर लाल ठिपके. गौतमीने कपाटाच्या कडेला हात टेकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, काय खाल्लंय ते एकेकाला विचार आणि आत पाठव. उपाशी असेल त्याला मालनमावशी आधी कँटीनला नेतील. आणि जरा लवकर. हे दार फार जड आहे."